माननीय आरोग्यमंत्री, फिटच्या गोळीत खंड पडू देऊ नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,

स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण आहे. भाकरी भाजताना तिला फिट आली आणि हात तव्यावर पडला. गोळी बंद होऊन त्या दिवशी सहा दिवस झाले होते. सरकारी दवाखान्यात गोळ्या संपल्या म्हणून 'बाहेरून घ्या' अशी चिठ्ठी मिळाली होती, आणि मजुरीचे पैसे बाजाराच्या दिवशी हातात यायचे होते.

त्याआधी सात वर्षं आम्ही अंगारे लावले, दंडाला दोरे बांधले. फिट आली की कोणी नाकाला चप्पल लावायचं, कोणी कांदा फोडायचं. 'बाहेरचं आहे' असंच सगळे म्हणत. वर्गात दोनदा पडल्यावर आठवीत तिची शाळा सुटली. पुढे एका डॉक्टरांनी आईला समोर बसवून विचारलं, "फिट येताना तुम्ही काय काय पाहिलंत?" मान आधी कुठल्या बाजूला वळते, किती वेळ चालते, नंतर झोप लागते का. फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही त्यांनी पाहिला. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, साफ आली तरी अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असू शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. रोज दोन गोळ्या सुरू झाल्या आणि एकोणीस महिने एकही फिट आली नाही. ते एकोणीस महिने सहा दिवसांत गेले.

साहेब, हा आजार महाग नाही. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही जुनी औषधं आहेत, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. नीट निदान आणि उपचार झाले तर १०० पैकी ७० रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण गोळी एकदम थांबली की फिट उलटून येते, कधी थांबतच नाही. पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर जिवाशी गाठ असते. म्हणून या गोळीचा तुटवडा खोकल्याच्या औषधाच्या तुटवड्यासारखा मोजू नका.

आमच्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रुग्णांची नावं वहीत असतात. कोणी गोळ्या न्यायला आलं नाही तर आशाताई घरी येऊन विचारतात. अपस्माराच्या रुग्णांची नावंही त्याच वहीत घ्या. गोळ्यांची मागणी साठा संपायच्या आधी वर जाऊ द्या आणि लांबच्या गावांना एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या द्या. मेंदूविकारतज्ज्ञ तालुक्याला मिळणं अवघड आहे, हे आम्हाला कळतं. पण ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्याच्या सेवेवर, ठरलेल्या वारी ते भेटले, तर आमची एसटीची खेप आणि एक दिवसाची मजुरी वाचेल.

कायद्याने १९९९ साली अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण राहिलं नाही. तरी स्थळ आलं की आई आजही बहिणीला पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायला लावते, व्रण दिसू नये म्हणून. मला ते फार लागतं.

गोळ्या पुन्हा सुरू आहेत. चुलीपाशी आता आई तिच्या शेजारी बसून असते. पुढच्या गोळ्या आणायला आम्ही ७ तारखेला जाणार आहोत.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ