वारशाने आलेली कॉन्सर्टिना मोडीत काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहापुरातील आमचे जुने घर पाडायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून आजोबांची एक षटकोनी, भात्याची पेटी निघाली. कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाने मायदेशी परतताना ती त्यांना दिली, एवढेच घरात ऐकिवात होते. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने ती खेळणे समजून तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर वजनावर मागितली. प्रत्यक्षात ती लंडनची इंग्लिश कॉन्सर्टिना होती. सीमाभागात अशी वाद्ये आणखी काही घरांत पडून असतील, म्हणून हे लिहीत आहे.

ओळख पटवणे अवघड नाही. दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस मिळून ४८ बटणे असतील, आणि भाता दाबला किंवा ओढला तरी एका बटणाचा सूर तोच राहत असेल, तर ती लंडनचे संशोधक चार्ल्स व्हीटस्टन यांनी घडवलेल्या पद्धतीची, म्हणजे इंग्लिश. दाबताना एक आणि ओढताना दुसरा सूर निघत असेल व तळहाताच्या पाठीवरून चामडी पट्टा जात असेल, तर ती बहुधा अँग्लो या दुसऱ्या प्रकारची कॉन्सर्टिना. आयरिश लोकसंगीतामुळे तीस वा अधिक बटणांच्या चांगल्या अँग्लोला आज विशेष मागणी आहे. दोन्ही टोकांच्या जाळीकामात कारखान्याचे नाव आणि क्रमांक पाहावा. व्हीटस्टन कारखान्याच्या बऱ्याच जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जपलेल्या असल्याने क्रमांकावरून अनेकदा वाद्याचे साल निघते. लाशनाल या दुसऱ्या मोठ्या कारखान्याबाबत मात्र ही सोय नाही. किंमत ठरते ती सूर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, पोलादी आहेत की पितळी, जाळी कोणत्या लाकडाची वा धातूची आहे, भाता शाबूत आहे का, यावरून.

माझी चूक येथे सांगणे आवश्यक वाटते. क्रमांकही टिपून न घेता मी वाद्य एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे दिले. त्याने कडेचे सहा स्क्रू काढले, तेव्हा पितळी चौकटीत बसवलेले पोलादी सूर आणि शेजारी ठोकलेली बारीक इंग्रजी अक्षरे मी पाहिली. इतके नेटके काम मी कधी पाहिले नव्हते. त्याने गंज काढण्यासाठी कानस घेतली. पट्टी टोकाशी घासली की स्वर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो, हे त्यालाही ठाऊक होते. तरी चार सूर कायमचे बिघडले, कारण घासून गेलेले पोलाद परत येत नाही. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक ज्या बेळगावात होऊन गेले, तेथे हे घडावे याचे मला फार वाईट वाटते.

विक्रीपूर्वी सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी आणि गिऱ्हाईकाची मागणीही लेखीच घ्यावी. गिऱ्हाईक परदेशात भेटले तर अधिक सावध राहावे, कारण शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तितकी जुनी आहे की नाही याबद्दल शंका असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे आधी चौकशी करावी. तोवर वाद्य आपल्याकडच्या पावसाळी ओलीपासून दूर, भाता मिटवून, कोरड्या डब्यात ठेवावे, आणि एकही स्क्रू सैल करण्याआधी चारही बाजूंची छायाचित्रे काढून क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव