फोन न लागलेल्यांना फोन करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
साष्टांग नमस्कार.

नाव छापू नकोस असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नाव लिहीत नाही. आभार मात्र जाहीरच मानणार. उभी हयात आकाशवाणीत घालवलेल्या बाईंनी आमच्यासारख्या छोट्या कम्युनिटी रेडिओवर येऊन, एक पैसा न घेता, गुरुवारचा फोन-इन, म्हणजे श्रोत्यांच्या फोनवर चालणारा कार्यक्रम, पायावर उभा करून दिला, हे नाशकात चार लोकांना कळायलाच हवं.

तुमच्या आधी एक सल्लागार येऊन गेले होते. मोठ्या शहरातले, फी भरपूर. त्यांनी आमचा एकही कार्यक्रम पूर्ण ऐकला नाही. प्रोजेक्टर लावला आणि सांगून मोकळे झाले: बोलणं कमी करा, गाणी वाढवा, श्रोत्याला अर्ध्या मिनिटाच्या वर बोलू देऊ नका, खेड्यातला फोन आला तर लवकर आवरा. त्या शेवटच्या वाक्याचा राग मला अजून आहे. खासगी एफएमकडे गाणी आहेत आणि पैसाही आहे. आमच्याकडे 100 वॅटचं प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. स्वतःच्या बातम्या द्यायची कम्युनिटी रेडिओला परवानगी नाही. मग आमच्याजवळ राहतं काय? म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, सातपूरच्या माणसांचं बोलणं. तेच कापा म्हणाले, बिल पाठवलं, आणि नंतर फोनसुद्धा उचलला नाही.

तुम्ही आधी जुनी रेकॉर्डिंग मागितलीत. घरी नेऊन ऐकलीत आणि मग शांतपणे एकेक गोष्ट दाखवलीत. ‘पाणीप्रश्न’ असा विषय ठेवला की जो तो भाषण करतो; ‘तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं?’ असं विचारलं की जेलरोडच्या गृहिणीलाही फोन करावासा वाटतो. तज्ज्ञ पाहुण्याला आधी वीस मिनिटं बोलू द्यायचं आणि मग फोन घ्यायचे, ही आमची रीत तुम्ही मोडलीत. पहिला फोन पहिल्या पाच मिनिटांत, पाहुणा त्या फोनला धरूनच बोलेल. दर थोड्या वेळानं विषय पुन्हा सांगायचा, कारण ऐकणारा कधी रिक्षात बसतो, कधी दुकानाचं शटर वर करतो, सुरुवातीपासून तो नसतोच. ‘श्रोतेहो’ कमी, ‘तुम्ही’ जास्त. माइकसमोर एकच माणूस बसलाय असं बोलायचं. हे सगळं अमलात आणलं, फरक पडला, आणि त्याबद्दल मी ऋणी आहेच.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते वेगळंच. छाटणीनंतरचा पाऊस आणि द्राक्षावरचा डावणी रोग हा विषय होता. फोनची नुसती रांग लागली होती. वेळ संपली, मी निरोप घेतला, हेडफोन काढला आणि आम्ही वायरी गुंडाळायला लागलो. तुम्ही फोनशेजारची वही उचललीत. ज्यांचे नंबर टिपून ठेवले होते पण ज्यांना हवेवर घेता आलं नव्हतं, त्या प्रत्येकाला तुम्ही केंद्राच्या फोनवरून एकेक करत फोन लावलात. “नमस्कार, मी रेडिओवरून बोलतेय. तुम्ही थांबला होतात, आमची वेळ संपली. तुम्हाला काय विचारायचं होतं?” बस, एवढंच. आणि मग ऐकत राहायचं, लिहीत राहायचं. मी म्हटलं, ताई, हे राहू द्या. तुम्ही फोनवर हात ठेवून म्हणालात, “अरे, पंगतीला बसवून ताट न वाढता उठवलंय आपण त्यांना.”

त्यात मातोरीच्या एक ताई होत्या. एकट्या बाग बघतात. म्हणाल्या, बरं झालं नंबर लागला नाही, सगळ्यांसमोर विचारायला लाजच वाटत होती. प्रश्न साधा होता: फवारणी झाली आणि तासाभरात पाऊस आला, तर पुन्हा मारायची का? पाहुणे बाहेर चहा घेत होते. तुम्ही त्यांना कप हातात असतानाच आत बोलावलंत आणि फोन त्यांच्या कानाला दिलात. स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहणारं औषध धुऊन जातं, आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं असेल तर ते किती शिरलं ते वेळेवर ठरतं, हे त्यांनी त्या ताईंना नीट, न चिडता समजावलं. पुढच्या गुरुवारी कार्यक्रम त्याच प्रश्नानं सुरू झाला, त्यांचं नाव न घेता. त्या दिवशी द्राक्षवाल्यांचे जितके फोन आले तितके आधी कधी आले नव्हते.

हे कुठून सुचलं असं विचारल्यावर तुम्ही आकाशवाणीच्या 1956 सालच्या पुणे केंद्राचं सांगितलंत. युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे, शंका लिहून केंद्राला कळवायचे आणि त्यांची उत्तरं रेडिओवरून मिळायची. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच भागात हे समजलेलं होतं. ऐकणाऱ्याचं उत्तर देणं लागतो, ही जाण ज्याला आहे त्याच्याकडूनच रेडिओ शिकावा. माणूस फोन लावून ताटकळत बसतो तेव्हा त्यानं आपल्याला त्याच्या दिवसातला वेळ दिलेला असतो. त्याची कदर करणारी माणसं मी फार थोडी पाहिली, आणि ज्यांनी केली त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बँकेत, दवाखान्यात, कचेरीत एखादा कारकून “बसा, मी बघतो” म्हणतो ना, तीच ही जात. अशी माणसं आहेत म्हणून आपली कामं होतात.

वहीचं काम आता आमच्या दोन मुली करतात. दर गुरुवारी कार्यक्रम संपला की आधी राहिलेल्यांना फोन, मग चहा. त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

दिवाळीत केंद्रावर फराळाला यायचंच आहे. मातोरीच्या ताईंनाही बोलावलंय. यंदा स्टुडिओत बसून बोलायला त्या तयार झाल्या आहेत, पण तुम्ही शेजारी बसणार असाल तरच, अशी त्यांची अट आहे. मी तुमच्या वतीनं हो म्हणून टाकलंय.

आपला,
गुरुवारच्या फोन-इनचा निवेदक
नाशिक