ॲनला धाकटीच ठेवलं कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका ब्राँटे भगिनींवरचा लेख वाचला. लेख गोड आहे. यॉर्कशरमधलं हॉवर्थ, पाद्री वडिलांचं घर, मागे पसरलेला माळ, रात्री टेबलाभोवती फेऱ्या मारत एकमेकींना लिखाण ऐकवणाऱ्या तिघी बहिणी, सगळं त्यात आलं आहे. शार्लटला भरपूर जागा, एमिलीला बऱ्यापैकी आणि ॲनच्या वाट्याला चार ओळी. त्यातही 'सर्वांत धाकटी, मवाळ, श्रद्धाळू'. माझं पत्र त्या चार ओळींपुरतं आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते. मी स्वतः धाकटी. ताई मिरजेला, मी वाईला, दोघीही नोकरीतून निवृत्त. मी इंग्रजी शिकवायची, ताई मराठी. गेली बरीच वर्षं आम्ही दोघी मिळून शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी नाटुकली आणि अधूनमधून श्रुतिका लिहितो. ताई फुलस्केप वहीत लिहून पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते, मी ते टाइप करते, आणि संध्याकाळी तिची मालिका संपली की फोनवर भांडण सुरू होतं. संवाद ताईचे झकास. पण तिच्या प्रत्येक गोष्टीत शेवटच्या प्रवेशात खलपुरुषाला उपरती होते आणि तो सगळ्यांच्या पाया पडतो. मी ते काढते. ती परत घालते. कार्यक्रमानंतर हमखास कुणीतरी विचारतं, "पण खरं लिहितं कोण?" आणि उत्तराची वाट न पाहता ताईकडे बघतं.

म्हणून त्या चार ओळी मला बोचल्या. 'मवाळ ॲन' हे चित्र आपल्या लेखकाने काढलेलं नाही, ते दीडशेहून अधिक वर्षं चालत आलं आहे. आणि ते पहिल्यांदा रंगवलं थोरल्या बहिणीने, शार्लटनेच, १८५० साली. तेव्हा ॲन उत्तर द्यायला नव्हती.

मुळात या तिघींचं एकत्र लिहिणं लेखात वाटतं तसं एका सुरातलं कधी नव्हतं. लहानपणी भावाला आणलेल्या लाकडी शिपायांवरून चार भावंडांनी एक काल्पनिक राज्य उभं केलं. पण लवकरच फाटाफूट झाली. शार्लट आणि भाऊ ब्रॅनवेल यांचं ॲंग्रिया वेगळं, एमिली आणि ॲनचं गॉन्डल वेगळं. एमिली आणि ॲन दर काही वर्षांनी एक कागद लिहून ठेवायच्या: आज घरात काय चाललंय, पुढच्या वेळी उघडू तेव्हा आपण कुठे असू. जुलै १८४५ चे दोघींचे कागद शेजारी ठेवून वाचा. एमिली सत्तावीस वर्षांची, ॲन पंचवीस. दोघी नुकत्याच यॉर्कला जाऊन आलेल्या, आणि वाटेत त्या गॉन्डलची पात्रं होऊन बोलत होत्या, हे एमिली आनंदाने नोंदवते. तिच्या मते गॉन्डल पूर्वीइतकंच बहरात आहे. ॲन त्याच सुमारास लिहिते की गॉन्डलकर काही फारसे खेळण्याजोगे राहिलेले नाहीत. एकच खेळ, एकाच घरात खेळलेला. तोवर ॲन थॉर्प ग्रीन इथल्या श्रीमंत घरात पाच वर्षं गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, म्हणून राबून परतली होती. परक्याच्या घरात इतकी वर्षं टिकून नोकरी तिघींमध्ये तिनेच केली. तिला आता राजे-राण्यांत रस उरला नसेल तर नवल नाही.

त्याच वर्षी शार्लटच्या हाती एमिलीच्या कवितांची वही लागली. न विचारता वाचली म्हणून एमिली इतकी भडकली की तिचा राग निवायला काही तास लागले, आणि छापायला राजी करायला काही दिवस. हे शार्लटनेच लिहून ठेवलंय. ॲनने मात्र गाजावाजा न करता आपल्याही कविता पुढे ठेवल्या. १८४६ मध्ये तिघींनी मावशीच्या वारशातल्या पैशांतून, पदरमोड करून संग्रह छापला. करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी टोपणनावं घेतली, इंग्रजी आद्याक्षरं तेवढी आपली ठेवली. त्यात एमिलीच्या २१ कविता, ॲनच्या २१, शार्लटच्या १९. पहिल्या वर्षात खपल्या दोन प्रती! (आमच्या एकांकिकांच्या पुस्तिकेने त्यांना मागे टाकलंय. पण आमचे नातेवाईक जास्त.)

१८४७ मध्ये तिघींच्या कादंबऱ्या आल्या. शार्लटची 'जेन एअर' ऑक्टोबरात, एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' डिसेंबरात. पुढच्या वर्षी ॲनच्या प्रकाशकाने अमेरिकेत अशी समजूत करून दिली की हे तिन्ही बेल म्हणजे एकच लेखक. तेव्हा शार्लट आणि ॲन हॉवर्थहून कीथलीपर्यंत पावसावादळात चालत गेल्या, रात्रीच्या गाडीने लंडन गाठलं आणि शार्लटच्या प्रकाशकासमोर उभ्या राहिल्या: आम्ही वेगवेगळ्या आहोत, हे सांगायला. एमिली गेली नाही. आणि शार्लटच्या तोंडून 'आम्ही तिघी बहिणी' असं निसटल्याचं कळल्यावर तिने पुन्हा आकाशपाताळ एक केलं. आपण वेगळ्या आहोत हे जगाला पटवायला बहिणींनी रात्रभर प्रवास केला, आणि आपण त्यांना अजून 'ब्राँटे भगिनी' या एका नावात गुंडाळतो.

आता मुख्य गोष्ट. ॲनची दुसरी कादंबरी 'द टेनन्ट ऑफ वाइल्डफेल हॉल' जून १८४८ ची. दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याच्या घरातून हेलन नावाची बाई लहान मुलाला घेऊन गुपचूप निघून जाते, नाव बदलून राहते आणि चित्रं विकून पोट भरते. इंग्लंडात १८७० पर्यंत विवाहित बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची होती. म्हणजे हेलनने रंगवलेल्या चित्राचे पैसेही तिचे नव्हते. टीकाकारांनी असभ्य म्हणून झोडलं, तरी पुस्तक खपलं आणि दुसऱ्या आवृत्तीला ॲनने प्रस्तावना लिहिली. मला सत्य सांगायचं होतं, आणि लेखक पुरुष की स्त्री याची उठाठेव कशाला, असा तिचा रोखठोक सूर आहे. मवाळ म्हणे!

ॲन हे लिहीत असताना ब्रॅनवेल त्याच घरात दारू आणि अफूत बुडत होता. सप्टेंबर १८४८ मध्ये तो गेला, डिसेंबरात एमिली, मे १८४९ मध्ये स्कारबरोच्या समुद्रकाठी ॲन. तिच्या थडग्यावर वयसुद्धा चुकीचं कोरलं गेलं: २९ ऐवजी २८.

१८५० मध्ये शार्लटने बहिणींची पुस्तकं पुन्हा काढली. एमिलीच्या कवितांत तिने फेरफार केले, 'वुदरिंग हाइट्स'मधल्या म्हाताऱ्या नोकराची यॉर्कशरी बोली वाचकांना कळावी म्हणून सौम्य केली. आणि 'टेनन्ट'? ते जतन करण्याजोगं वाटत नाही, असं तिने प्रकाशकाकडच्या माणसाला कळवलं. विषयाची निवडच साफ चुकली, तो ॲनच्या स्वभावाला शोभणारा नव्हता, असं जाहीर छापलं. पुस्तक तेव्हा मागे राहिलं. १८५४ मध्ये स्वस्त आवृत्ती निघाली ती काटछाट केलेली. कादंबरी एका पत्राने सुरू होते, ते सुरुवातीचं पत्रच त्यात गाळलेलं. पुढे कित्येक दशकं इंग्लंडात वाचक हीच प्रत वाचत राहिले आणि म्हणत राहिले की ॲनची रचना जरा विस्कळीत आहे.

हे मला का झोंबतं, त्याला घरचं कारण आहे. हक्कसोडपत्रावर, म्हणजे बहिणीने मिळकतीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, एक श्रुतिका लिहायची असं माझं दोन वर्षं चाललंय. बाप जातो, दहावं-तेरावं उरकतं, आणि मग एका सकाळी 'ताई, जरा तालुक्याला येतेस का, सही करायची आहे' असा भावाचा फोन येतो. हे आपल्याकडे किती घरांत होतं, ते बायकांना विचारा. ताई म्हणते, विषय आपला नाही. म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. सह्या आम्हीही केल्यात. "घरातलं चव्हाट्यावर आणून तुला काय मिळणार?" असं ती म्हणाली तेव्हा मला शार्लटचीच ओळ ऐकू आली. फरक इतकाच की मी फोनच्या दुसऱ्या टोकाला हयात आहे आणि पुढचा प्रवेश लिहिते आहे.

मराठीत दोघी बहिणी लेखिका, अशी घरं आहेत. इरावतीबाई कर्व्यांच्या लेकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे दोघींनी इंग्रजीत लिहिलं, मराठीतही लिहिलं. पण एकीचं वाचून दुसरीचा अंदाज बांधायला आपण जात नाही. मग ॲनला का शार्लटच्या चष्म्यातून वाचायचं? आपल्या पुरवणीने ॲनवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. आणि 'टेनन्ट' वाचणाऱ्यांनी पहिलं पान उघडून आधी ते पत्र आहे ना ते पाहावं. नसेल तर ती प्रत बाजूला ठेवून दुसरी घ्यावी.

पाठवण्यापूर्वी हे पत्र ताईला वाचून दाखवलं. तिला अजिबात पटलेलं नाही. आठ महिन्यांत तीन भावंडं गमावलेल्या बाईने, टीकाकार मेलेल्या बहिणींना निर्लज्ज म्हणत असताना, त्यांची अब्रू राखली, यात गुन्हा काय, असा तिचा सवाल आहे. हक्कसोडपत्राचा परिच्छेद काढ, असंही तिने बजावलं. तो मी ठेवला आहे. शार्लटची बाजू ती वेगळ्या पत्राने मांडणार आहे. वही उघडलीसुद्धा आहे. आल्यास कृपया तेही छापावे, आणि शक्यतो न कापता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई