पक्या, त्या म्हातारीचं नाव काय होतं?

प्रिय पक्या,

आठ महिने झाले. तुझा दिवाळीचा मेसेज वाचून तसाच ठेवलाय, दोन निळ्या टिका बघून तू काय म्हणाला असशील ते मला इथे ठाण्यात ऐकू आलं. शिव्या घालून घे आधी. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच, चष्म्याचा नंबर वाढला. फोनच करणार होतो पण फोनवर तू मधेच तोडतोस, मग मी विषय बदलतो आणि आपण वडापाववर येतो. म्हणून लिहितोय.

तर झालं असं की माझ्या भाच्याचा एक मित्र मेलबर्नमधे कॅफे काढतोय. १४ फुटी भिंत, त्यावर पाहिजे ‘व्हिंटेज ऑस्ट्रेलिया’. दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं, कॉपीराइट कधीच संपलेले, म्हणजे फुकटचा माल. मी ट्रेस करायची, जुळवायची, प्रिंटची फाइल द्यायची, अर्धे पैसे आधी. आणि खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली रे. तेव्हाच्या साप्ताहिकांतली चित्रं लाकडावर कोरलेली असायची. मोठं चित्र असलं की ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या माणसांना कोरायला द्यायचे आणि नंतर बोल्टने परत आवळायचे. झूम केलं की भर आकाशात सांध्याची बारीक पांढरी रेघ दिसते. दोन दिवस मी नुसत्या रेघा पुसत होतो, पुसायचा हात बसला होता म्हण.

त्यात एक माणूस मला फार आवडला, एस. टी. गिल. १८३९ ला इंग्लंडहून ॲडलेडला आलेला. पुढे व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि सगळं जग तिकडे धावलं तेव्हा, १८५२ ला, हाही गेला आणि सोन्याऐवजी सोनं खणणाऱ्यांची चित्रं काढत बसला. तंबू, माती धुवायचे लाकडी पाळणे, लायसन तपासायला आलेले शिपाई, दारू पिऊन पडलेले. शेवटी स्वतःच दारूपायी १८८० साली मेलबर्नच्या पोस्ट ऑफिसच्या पायऱ्यांवर कोसळून मेला, बेवारशासारखा पुरला. आपल्या बॅचमधला कोण आठवला ते लिहीत नाही, त्याची बायको तुझ्या बायकोच्या भिशीत आहे.

तर या गिलचं एक चित्र आहे, ‘नेटिव्ह डिग्निटी’, १८६० च्या दशकातलं. रस्त्यावरून एक आदिवासी जोडपं ऐटीत चाललंय, साहेब लोकांच्या टाकलेल्या कपड्यांत. त्याच्या डोक्यावर उंच हॅट, अंगात कोट आणि खाली उघडे पाय. तिने मडमांचा झगा फुगवायला आत घालायचा तो सांगाडाच वर चढवलाय, हातात छत्री. क्लायंटला हे पाहिजेच होतं, फनी आहे म्हणे. मीही हसलो. आणि मग मी माझं डोकं चालवलं (तू म्हणतोस तसं, मी डोकं चालवलं की कुणीतरी मरतं). मागची गर्दी काढून टाकली, दोघांना मोकळ्या भिंतीवर आणलं आणि त्याच्या हातात कॉफीचा कप दिला. क्लायंटचा मेसेज, ‘सर, किलर!!’ वर तीन आगीचे इमोजी.

रात्री सहीचा कोपरा नीट ट्रेस करायला मूळ चित्र परत उघडलं आणि मी काय पुसलंय ते बघितलं. मागे एक गोरं जोडपं आहे पक्या. चांगल्या कपड्यांतलं, आणि या दोघांकडे असं बघतंय की बास. मूळ चित्रात कोण कुणाची नक्कल करतंय ते सांगता येत नाही, या दोघांची ऐट साहेबाच्या ऐटीला चिकटते आणि साहेबच जरा हास्यास्पद दिसतो. गिल काही संत नव्हता, हे चित्र विकत घेऊन हसणारे बहुतेक गोरेच असणार. पण त्याने निदान बघणारे चित्रात ठेवले होते. मी ते पुसले. आता हसायला फक्त ते दोघं उरले.

इथे तू म्हणशील, हं, कर्जत. थांब, येतो तिथेच.

मग रात्रभर नेटवर. तुला अजिंक्य रहाणेचं मेलबर्नचं शतक आठवतं ना, २०२० चं, तू ऑफिसला दांडी मारलेलीस. त्याला मिळालेलं मेडल जॉनी मुलाघच्या नावाचं, ते द्यायची ती पहिलीच वेळ. हा मुलाघ १८६८ ला इंग्लंडला गेलेल्या आदिवासी टीममधला, त्या दौऱ्यात ४७ मॅचेस, याचे १,६९८ रन्स आणि २४५ विकेट्स. मेडलवर त्या टीमच्या पट्ट्याचं बक्कल आहे. मी तेव्हा टीव्हीवर बघून फक्त ‘डिझाइन काय जुनाट’ एवढंच म्हणालो होतो.

आणि पक्या, ते लोक स्वतः चित्रं काढत होते! मरे नदीच्या काठचा टॉमी मॅकरे म्हणून होता, पेन आणि शाई, नुसत्या काळ्या आकृत्या, पण काय हात रे, तुझ्यापेक्षा बरा. त्याने शिकार काढली, नाच काढले, आणि उंच हॅटवाले जमीनदार साहेबही काढले. म्हणजे तो उलटा बघत होता. वह्या विकायचा. त्याची मुलं सरकारने काढून नेली. दुसरा विल्यम बराक, वुरुंजेरी लोकांचा पुढारी, कोरँडर्क नावाच्या आदिवासींच्या वसाहतीतला. जमीन वाचवायला अर्ज-विनंत्या करत मेलबर्नपर्यंत चालत जाणारा माणूस. म्हातारपणी गेरू आणि कोळशाने आपल्या तरुणपणचे समारंभ काढायचा, पोसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याची नक्षीदार पांघरुणं घेतलेल्या माणसांच्या ओळीच्या ओळी. त्याचं बायकांचं असंच एक चित्र २०२२ ला न्यूयॉर्कमधे लिलावाला निघालं तर त्याच्या लोकांना वर्गणी काढून, सरकारकडून पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन ते विकत आणावं लागलं. आपल्या आज्याचं चित्र, लिलावात बोली लावून! आणि मेलबर्नमधे ३२ मजली फ्लॅटच्या बिल्डिंगला बाल्कन्या अशा वळवल्यात की लांबून बराकचा चेहरा दिसतो. जवळ गेलं की नुसत्या बाल्कन्या.

तर कर्जत. सेकंड इयर, आउटडोअर, स्टेशनबाहेर मोळी घेऊन बसलेली ती कातकरी म्हातारी. मी अर्ध्या तासात काढली, चांगली काढली, हे तूही नाकारलं नव्हतंस. ती बघून म्हणाली, माझं नाक असं हाय व्हय, आणि मग कागद मागितला. मी दिला नाही. सबमिशन होतं. तू म्हणालास, दुसरा काढ आणि हा तिला दे. मी म्हणालो, लाइट गेला. खरं म्हणजे गेला नव्हता. प्रदर्शनात खाली लेबल लावलं, ‘कातकरीण’, बक्षीस मिळालं, तू दोन महिने बोलला नाहीस आणि त्या काळात माझी स्केल परत केली नाहीस ती आजतागायत. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलो की पक्या बक्षिसावर जळला. हे मी तीस वर्षं सांगतोय. जळला नव्हतास.

तू तिच्याशेजारी बसून बिडी ओढली होतीस, तिचं नाव विचारलं होतंस आणि गाडीत मला सांगितलंही होतंस. मला आठवत नाही. काल माळ्यावरून ते चित्र काढलं, वाळवी नाही लागली, लेबल पण तसंच आहे.

क्लायंटला कळवलंय की ते दोघं काढतोय. तो म्हणाला, मग तिथे चार फूट रिकामं राहणार. आधी वाटलं बराकची ती पांघरुणं टाकावीत, मग लाज वाटली, परत तेच, न विचारता. म्हणून पुसलेलं गोरं जोडपं परत आणलं आणि एकटंच ठेवलं, भिंतीतून कॉफी पिणाऱ्यांकडे नाक मुरडून बघणारं. फाइल पाठवली आहे, उत्तर नाही. आगाऊ घेतलेले पैसे गिझरमधे गेलेत त्यामुळे परत मागितले तर पंचाईत आहे.

तुझं काय, पोरीचं ॲडमिशन झालं का, वहिनींचा गुडघा कसा आहे, दुकान भाड्याने देणार होतास त्याचं काय. सगळं कळव. पण आधी नाव कळव. तुझ्या त्या हिरव्या वहीत लिहिलेलं असेल, तू काही टाकत नाहीस.

तुझा,
बंड्या

ता.क. आत्ताच क्लायंटचा मेसेज आला: ‘सर ओके आहे, पण साहेबाच्या हातात कप देता येईल का?’