गाडी विकण्याआधी एकदा लिफ्टवर चढवा

संपादक महोदय,

नवी गाडी बाजारात आली की तिचं कौतुक वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापून येतं. दारात उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या महागड्या गाडीचं काय करायचं, याचा सल्ला मात्र मालकाला मिळतो तो शोरूमच्या विक्रेत्याकडून, नाहीतर जुन्या गाड्यांच्या एजंटाकडून. दोघांचंही पोट गाडी विकली जाण्यावर. म्हणून हे पत्र. उदाहरणादाखल बीएमडब्ल्यूची डिझेल ३२० डी घेतो. चेन्नईच्या कारखान्यात जुळणी होऊन ती आपल्याकडे बरीच खपली आणि २०१२-१३ साली नोंदलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२७-२८ मध्ये भरतात. घरात मर्सिडीजची सी क्लास, ऑडी ए-४ किंवा पुण्यात जुळणी झालेली जग्वार एक्सएफ असेल तर सुट्या भागांची नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

'दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी' हा ठोकताळा सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. जुन्या गाडीला बाजारात आज काय मिळेल, याच्याशी दुरुस्तीच्या खर्चाची तुलनाच करू नये. तुलना करायची ती नव्या गाडीपायी दरवर्षी काय बुडणार याच्याशी. समजा, नवी पेट्रोल गाडी ६० लाखांची, एक्स-शोरूम. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर, म्हणजे ७ लाख ८० हजार. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक पाचव्या वर्षी किंमत निम्म्यावर आणतं. म्हणजे पाच वर्षांत ३० लाख, वर्षाला ६ लाख. कर पाच वर्षांत वाटला तर आणखी दीड लाख. कर्जाचं व्याज आणि वाढीव विमा बाजूला ठेवूनही वर्षाला साडेसात लाख गेले. सात-आठ लाखांच्या जुन्या गाडीची किंमत वर्षाला फार तर लाखभराने उतरते. तिच्यावर एखाद्या वर्षी तीन-साडेतीन लाख खर्च झाले म्हणून घाबरून ६० लाखांची खरेदी करणं हा व्यवहार नव्हे. नवी घ्यायची हौस असेल तर जरूर घ्यावी, पण 'जुनी परवडत नाही' हे कारण देऊ नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी उपकर धरून ४८ ते ५० टक्के होता तो ४० टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो. त्याआधी कोणी सांगितलेली किंमत धरून बसू नका.

हा सगळा हिशेब गाडी मुळात धड असेल तरच खरा. ते ठरतं गॅरेजमधल्या, गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टवर. दोन-तीन हजार रुपये तपासणीला मोजावेत, पण ज्या गॅरेजकडून काम करून घ्यायचं आहे त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नये.

पहिली तपासायची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारी साखळी. ३२० डीच्या एन-४७ डिझेल इंजिनात ही चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, त्यामुळे सामानापेक्षा मजुरी भारी पडते. २००७ ते २०११ च्या इंजिनांत हा दोष विशेष दिसला. नंतरच्यांत कमी, पण नाहीच असं नाही. चेनला दिशा देणारे प्लॅस्टिकचे गाइड झिजतात, तिला ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो, चेन लांबते. तुटलीच तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. रात्रभर बंद असलेली गाडी सकाळी चालू करून, बॉनेट उघडून काचेच्या बाजूला कान द्यावा. दीड ते दोन हजार आरपीएमला पत्र्यावरून साखळी ओढल्यासारखी खरखर मागून येत असेल तर तो इशारा आहे. इंजिन तापल्यावर आवाज दबू शकतो, म्हणून फक्त गरम गाडीवर केलेली तपासणी पुरेशी नाही. दुसरी खूण ऑइल फिल्टरमध्ये सापडते. जुना फिल्टर फेकून न देता त्याच्या कागदाच्या घड्या ब्लेडने कापून पांढऱ्या कापडावर उलगडाव्यात. तपकिरी-काळ्या प्लॅस्टिकच्या कपच्या दिसल्या तर गाइड फुटायला लागले आहेत.

काम करायचंच झालं तर वरची-खालची चेन, गाइड, टेन्शनर सगळं एकदम बदलावं आणि गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही. एवढंसं सील वाचवून तीच मजुरी दुसऱ्यांदा भरणारे लोक आहेत. आवाज नसेल तर बीएमडब्ल्यूने ठरवलेल्या लाँगलाइफ-०४ प्रतीचं ऑइल, सुमारे सव्वापाच लिटर, दर आठ-दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलावं. डॅशबोर्डवर सर्व्हिसचं चिन्ह उमटेपर्यंत थांबू नये. जुनं, जळकं ऑइल टेन्शनरला नीट दाब देऊ शकत नाही आणि चेनचं मरण तिथूनच सुरू होतं.

याच डिझेल इंजिनांच्या ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागातून) कूलंट गळून आग लागण्याचा धोका होता म्हणून कंपनीने २०१८ मध्ये अनेक देशांतून गाड्या परत बोलावल्या. आपला चासी नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन कूलर बदलण्याची ही मोहीम, आणि तशीच सदोष एअरबॅग बदलण्याची मोहीम, आपल्या गाडीला लागू होते का, झाली का, हे लेखी विचारावं. अशा मोहिमेतलं काम मोफत होतं, गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

दुसरी तपासणी गिअरबॉक्सची. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक फार गुणी आहे. तो बिघडतो तो बहुतेक दुर्लक्षाने. गाडी बनवणारे म्हणतात ऑइल जन्मभराचं. गिअरबॉक्स बनवणारे मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणतात. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्यांचं ऐकेन. सिग्नलला थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का बसतो का, आणि हलक्या पायाने पन्नास-साठच्या वेगात जाताना रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का, हे पाहावं. धक्का अनेकदा ऑइल बदलल्यावर जातो. थरथर टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागाची) असेल आणि ऑइल बदलूनही राहिली तर मोठा खर्च आहे असं समजावं. ऑइल बदलताना खालचा प्लॅस्टिकचा पॅन, जो फिल्टरसकट एकच भाग असतो, नवा घालावा, बोल्टही नवे. गाडी समपातळीत ठेवून, इंजिन चालू, सगळे गिअर फिरवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर ३० ते ५० अंशांत असताना भरायच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की बूच बंद. स्कॅनर न लावता अंदाजाने भरणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नये. दाबाने धुऊन काढण्याचं मशीनही नको. वर्षानुवर्षं बसलेली घाण सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकते.

बाकीचं पटकन. ऐंशी-शंभरच्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की लोक डिस्क बदलतात. पुष्कळदा दोष पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या बुशचा असतो. त्या बुशच्या रबरात तेल भरलेलं असतं, फुटला की आर्मवर ओला काळा ओघळ दिसतो. लेमफर्डर कंपनीचा आर्म घ्यावा. बीएमडब्ल्यूच्या डब्यातला आर्म बहुधा त्यांचाच, फक्त डब्याची किंमत वेगळी. बॅटरी एजीएम जातीचीच हवी आणि बसवल्यावर गाडीच्या संगणकात नोंदवायला हवी, नाहीतर अल्टरनेटर नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहतो. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रन-फ्लॅट टायर (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे) असतील तर डिकीत स्टेपनी बऱ्याचदा नसते, हे घाटात आठवून उपयोग नाही.

गाडी ठेवूच नये असे प्रसंगही आहेत. पुढच्या चासीचा रेल कापून जोडलेला असेल, किनारपट्टीवर राहून जॅक लावायच्या जागा गंजून भुसभुशीत झाल्या असतील किंवा गाडी पुराच्या पाण्यात बसली असेल तर इंजिन कितीही गुळगुळीत चालो, ती विकावी, आणि घेणाऱ्याला खरं सांगून विकावी. पाणी शिरल्याची खूण लपवणं सोपं, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिला तर पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातीची आडवी रेघ सापडते. डिकीतला गालिचा उचलून बॅटरीखाली बोट फिरवा, तिथे हिरवट बुरशी किंवा रेती लागली तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही. या गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल खालीच असतात. ओलाव्याने आज एक जातं, सहा महिन्यांनी दुसरं.

विम्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. पाच वर्षांनंतर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कोष्टकावरून ठरत नाही, तो मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरतो. प्रीमियम दोन-तीन हजारांनी कमी व्हावा म्हणून एजंट तो खाली लिहितो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे देऊन मोकळे होतात. आयडीव्ही ८ लाख असेल तर मर्यादा ६ लाख. समोरून बसलेल्या एका धडकेत दोन एअरबॅग, दोन झेनॉन हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर आणि बॉनेट गेलं की ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. त्याखालचा क्लेम असला तरी झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा, इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर ५० टक्के कापतात, आणि गाडी दहा वर्षांपुढची असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे अर्धं बिल मालकाच्या खिशातून. गाडी ठेवायची ठरली तर नूतनीकरणाआधी त्याच मॉडेलचे बाजारभाव दाखवून योग्य आयडीव्ही लिहून घ्यावा आणि दीड-दोन लाख वेगळे काढून ठेवावेत. तेवढी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर गाडी धडधाकट असतानाच विकलेली बरी.

डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की ती रस्त्यावरून जाणार, अशी भीती घालून भाव पाडणारे बरेच आहेत. तो दहा वर्षांचा निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता आहे. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. पंधरा वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून ५ हजार रुपये, पर्यावरण कर वेगळा. पीयूसी, विमा आणि थकीत चलनं आधी निकाली काढावीत; १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही हवी.

विकायचंच ठरलं तर पैसे मिळाले, किल्ली दिली, एवढ्यावर थांबू नये. आरसीवर नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. थेट विक्री असेल तर नमुना २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी आरटीओत दाखल करावेत. डीलरला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का पाहावं आणि गाडी ताब्यात देताना नमुना २९-सी आपल्यासमोर ऑनलाइन भरून घ्यावा. तो भरला की गाडीची जबाबदारी डीलरकडे जाते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊ नयेत.

– मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, पुणे