काकूंना वाचून दाखव

एडिनबर्ग, १२ मे

ती. सौ. आईस,
सा. न.

नागपूरचा पारा ४५ ला टेकला असेल आणि बाबा कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावत असतील. मी मात्र मे महिन्यातही स्वेटर घालून लिहिते आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय गं, अकरा वर्षं त्या उंदरांचं करतेस तरी काय?" मी हसण्यावारी नेलं. खरं उत्तर महालातल्या आपल्या वाड्यात आहे. खालच्या काकूंची धाकटी आठवते? दीड वर्षाची होईपर्यंत 'मामा', 'दुदू' म्हणायची. मग बोलणं गेलं. धुणं पिळावं तसे हात पिळत दिवसभर ओट्यावर बसायची. काकूंनी दिवस असताना पपई खाल्ली म्हणून असं झालं, असं अख्खा वाडा म्हणायचा. आपली आजीसुद्धा.

अशा लक्षणांचा एक आजार आहे, रेट सिंड्रोम. साधारण दहा हजार मुलींत एकीला होतो. त्यामागचं जनुक १९९९ मध्ये ह्यूस्टनला हुदा झोगबींच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्या जनुकाचं प्रथिन इथल्याच एड्रियन बर्ड यांना आधीच माहीत होतं. ते करतं काय? तुझी किराण्याची वही घे. तू ज्या ओळीवर फुली मारतेस, ते बाबा आणत नाहीत. डीएनएवरही मिथाइल नावाच्या छोट्याशा रसायनाच्या फुल्या असतात. अक्षरं तीच, पण काय वाचायचं नाही ते फुली सांगते. हे प्रथिन म्हणजे फुल्या बघणारे बाबा. तेच चष्मा विसरले तर पिशवीतून काय काय निघेल, तुला ठाऊक आहे!

निरोगी उंदराला शेपटीने अलगद उचललं की तो मागचे पाय फाकवतो. तेच जनुक बंद असलेले आमचे आजारी उंदीर पाय पोटाशी आवळून धरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काकूंचा ओटाच दिसला. २००७ मध्ये बर्ड यांच्या गटाने उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं, तर मरायला टेकलेले उंदीर हिंडू लागले. पण उंदीर म्हणजे पोरगी नव्हे. काकूंना उगाच आशा लावू नकोस.

ती आता पस्तिशीची असेल. इथे बसून मी निदान करणार नाही. जनुकाची तपासणी हल्ली भारतातही होते, डॉक्टरांना विचारा म्हणावं. आणि रेट निघालाच, तर तो बदल बहुतेक वेळा आपोआप होतो, तोही बापाच्या शुक्रपेशीत. पपईशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

हे शेवटचं वाक्य काकूंना दोनदा वाचून दाखव. काका घरात असले तरी.

तुझी,
ताई