'नाही' म्हणायचं काम स्वतःकडे घेणाऱ्या आमच्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

बरेच दिवस लिहायचं होतं. समोर बोलायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

तुम्ही हेड म्हणून आलात तेव्हा आमच्याकडे कामांना तोटा नव्हता, जो यायचा तो एक काम टाकून जायचा आणि प्रत्येकच अर्जंट. पहिल्या प्लॅनिंग मीटिंगला तुम्ही सगळी चालू कामं बोर्डावर लिहायला लावलीत आणि एकेकावर बोट ठेवून विचारलंत, "हे आज आपण करत नसतो, तर नव्याने सुरू केलं असतं का?" हा प्रश्न मॅनेजमेंटवर लिहिणारे पीटर ड्रकर यांचा, हेही सांगितलंत. बऱ्याच कामांवर सगळे गप्पच. ती कामं बंद झाली, आणि त्यात तुम्ही स्वतः आल्या आल्या मंजूर करून आणलेलं अ‍ॅपपण होतं, ते मला आजही फार मोठं वाटतं.

तेव्हाच तुम्ही इंटेलचं सांगितलेलं. १९६८ ला कंपनी सुरू झाली तीच मेमरी चिप बनवायला, पण जपानी कंपन्यांपुढे टिकाव लागेना तेव्हा १९८५ ला कंपनी चालवणाऱ्या अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांनी तोच धंदा सोडायचं ठरवलं आणि सगळा जोर मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर लावला. ज्या कामाने आपलं नाव झालं त्यालाच हात जोडायचे म्हणजे किती जड गेलं असेल!

पण मॅडम, बोर्डावरचं पुसणं एकवेळ सोपं, ज्याचं काम पुसलं त्याला सांगणार कोण? बहुतेक ठिकाणी ते ज्युनिअरच्याच गळ्यात पडतं, वरचे सगळ्यांना हो म्हणून मोकळे होतात आणि खालचे रात्री जागतात. तुम्ही आम्हाला समोर बसवून स्पीकरवर त्या मोठ्या क्लायंटला फोन लावलात, "हे आम्ही आत्ता करणार नाही, कारण केलं तर तुमचंच आधीचं काम लांबेल, ते मात्र ठरल्या तारखेला मिळेल," एवढंच, ना लांबलचक सॉरी ना "बघू, प्रयत्न करतो". पलीकडचे आधी चिडले, मग थोडं थांबून म्हणाले ठीक आहे, आधीचं तेवढं वेळेत द्या. आणि दिलं आपण! बाकीचं डोक्यातून गेल्यावर त्या एका कामात आम्ही जे टेस्टिंग केलं ना, तसं आधी कधी जमलंच नव्हतं, कारण दुपारपर्यंत तीन वेगळ्या फाईली उघडून बसायची वेळच आली नाही.

आता माझ्याकडे छोटी टीम आहे. दर प्लॅनिंगला "काय करायचं नाही" ही यादी आधी होते, प्रत्येक कामापुढे कारण लिहितो, आणि समोरच्याला कळवायचं काम माझ्याकडेच असतं. पोरं विचारतात हे कुठे शिकलात, तेव्हा तुमचंच नाव सांगते.

खूप खूप आभार मॅडम. सवडीने एकदा आमच्या प्लॅनिंगला येऊन बसा, सगळ्यांना तुम्हाला भेटायचंय.

तुमच्या जुन्या टीममधली एक